डोंगरापलीकडचा कारखाना

परवा कॉलेजातली काही पोरं घरी आली होती. चहा झाला, माझी पुस्तकं हातात घेऊन उलटसुलट करून झाली, आणि त्यांतली एक चष्मेवाली पोरगी म्हणाली, "आजी, तुमच्या कथांतली ठिकाणं इतकी खरी कशी वाटतात? वातावरणनिर्मितीसाठी तुम्ही नेमकं काय करता?" मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. एवढा मोठा शब्द! आणि तो माझ्यासारखीला विचारायचा, जी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला शिकली. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हटलं, "बाई, मी काही करत नाही, ठिकाण आपलं आपण गोष्टीत येऊन बसतं." तिनं ते मान हलवत लिहून घेतलं. पोरं गेली आणि मग मला वाटलं, अगं, ही तर चक्क थाप झाली. ठिकाण कधी आपलं आपण येऊन बसतं का? ते कुठून तरी उचलून आणावं लागतं. आणि उचलून आणताना काय घ्यायचं, काय मागं ठेवायचं, हे मला माझ्या चुलत बहिणीनं, छबीनं, दाखवलं. दाखवलं खरं, पण मला ते तेव्हाही कळलं नव्हतं आणि आज केस पिकले तरी पुरतं कळलंय असं नाही. म्हणून जसं झालं तसं सांगते, तुम्हाला काही उमगलं तर बघा.

ते दुष्काळाचं साल होतं. मांजरसुंब्याच्या अलीकडं डोंगराच्या कुशीत आमची वस्ती. पालीच्या तलावाचा तळ उघडा पडलाय, त्यात मेंढरं फिरतायत, असं येणारेजाणारे सांगायचे, आणि आमच्या आडात तर घागर सोडली की नुसता दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. रिकामं भांडं लई वाजतं बघा. त्या वर्षी अख्खं गाव वाजत होतं. सकाळी टँकरची वाट बघणाऱ्या बायांच्या घागरी, मग दिवसभर कामावरचे हातोडे, संध्याकाळी चुलीपुढं तव्यावरची मिलोची भाकरी. मिलो म्हणजे रेशनवर मिळायची ती परदेशी लाल ज्वारी. तिची भाकरी थापता थापता चिरायची, आणि गार झाली की दातांना हार मानायला लावायची. माय ती येसराच्या आमटीत कुस्करायची. येसर, म्हणजे भाजल्या धान्याचा नि मसाल्याचा कूट, तेवढा घरचा, मागच्या वर्षी दळून ठेवलेला, त्याच्या वासानं तरी घर आपलं वाटायचं. नाहीतर ताटात परदेशी ज्वारी, दारात सरकारी टँकर, आणि आभाळ तर कुणाचंच नव्हतं.

दरवर्षी दसरा झाला की आमच्या गल्लीत ट्रक लागायचे आणि निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यावर जायचं. मी चालायला लागल्यापासून मायबापाबरोबर जात होते. त्या वर्षी मात्र डोंगराच्या पायथ्याला पाझर तलावाचं काम निघालं, म्हणून माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, गावातच राहिले. काका आणि गोदाकाकी गेले. छबी त्यांची एकुलती एक, तेव्हा नुकते दुधाचे दात पडायला लागलेली. आदल्या वर्षी फडात तिला असा ताप चढला होता की काकी तिला पोटाशी धरून उसाच्या धसकटांतून अनवाणी पळत सुटली होती. ते मी डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून या खेपेला तिला आमच्याजवळ ठेवायचं ठरलं. आता लेकराला मागं ठेवायची आमच्याकडं एक रीत होती. त्याला सांगायचं नाही. शेजारी कुणाकडं तरी करडं बघायला पाठवायचं आणि तेवढ्यात ट्रक हलवायचा. छबी करडू कडेवर घेऊन नाचत परत आली तेव्हा गल्लीत नुसता धुरळा होता. ती रडली नाही. करडू खाली सोडलं, उंबऱ्यावर बसली, आणि जेवायची बंद झाली.

पोरगी खायची बंद होते म्हणजे काय, हे त्या वर्षी सांगायला नको होतं. आमच्याच वस्तीवर दोन घरांतली बारकी लेकरं तेवढ्यात गेली होती. माय तिला मांडीवर घ्यायची, दादा गूळ आणायचे, कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक पीठ, पाण्यात कालवून द्यायचे. तोंड मिटलेलं ते मिटलेलं. मायची झोप उडाली. "गोदीला मी काय तोंड दावू?" एवढंच ती म्हणत राहायची.

मी तेव्हा तेरा-चौदाची असेन. कामावर हातोडा मारण्याइतकी मोठी झाले नव्हते म्हणून मुकादमानं मला लेकरं सांभाळायला बसवलं होतं. तलावाच्या पाळूपासून, म्हणजे बांधापासून, जरा लांब हिवराचं झाड होतं, त्याच्या फांद्यांना झोळ्या बांधलेल्या, आणि खाली माझी पलटण. एका दुपारी मी छबीपुढं सुकडीची वाटी धरून बसले होते आणि सहज माझ्या तोंडून गेलं, "तुझी माय आता कुठं असंल, ठावं हाय का तुला?" तिनं मान वर केली. मी म्हटलं, "एक घास खा, मग सांगते." तिनं तोंड उघडलं!

मग काय, मी सुटलेच. एक घास, एक जागा. पहिल्या घासाला ऊस आला, माणसाच्या दुप्पट उंच, हिरवागार, वाऱ्यानं सळसळणारा. दुसऱ्याला पाचटाच्या कोप्या, झोपड्या हो, ओळीनं बांधलेल्या. मग गार पाण्याचा पाट, त्यात पाय सोडून बसलेली गोदाकाकी, बाजूला रवंथ करणारे बैल, त्यांच्या गळ्यातल्या घंटा. शेवटच्या घासाला कारखाना, त्याची ढगाला टेकलेली चिमणी आणि तिचा भोंगा. भोंगा वाजला की साऱ्या शिवारातले कावळे एकदम उडतात, असं मी सांगायचे आणि हातानं कावळे उडवायचे. छबी तोंड उघडं ठेवून वर बघायची आणि मी त्यात घास सारायची.

आता हे सगळं खरं होतं का? होतं की. ऊस होता, कोप्या होत्या, पाट होता. पण मी बरंच मागं ठेवलं होतं. कोप्यांच्या मागून वाहणारा मळीचा काळा नाला, ज्याच्या वासानं जेवताना उमासे यायचे, तो मी सोडला. पहाटेचा गारठा सोडला, पाचटानं कापलेले हात सोडले. मुद्दाम नव्हे हो. तिचं तोंड कशाला उघडतं आणि कशाला मिटतं ते बघत बघत ते आपोआप गळालं. कामावरच्या बाया पाणी प्यायला हिवराखाली यायच्या, त्यांनी एकदा ऐकलं. साळूबाई नावाची एक तोंडाळ बाई होती, ती पदर खोचून उभीच राहिली. "आगं कौसे, ह्यो कंचा कारखाना म्हणायचा? आमालाबी घिऊन चल की तिकडं! माझ्या कोपीत रातभर चिखल शिरला व्हता, आन ही म्हणती पाट खळखळ वाहतोय!" सगळ्या हसल्या. माय हसली नाही. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "तसलं कुठं व्हतं गं?" मी म्हटलं, "माय, मग खरं सांगू का तिला?" माय वाटीकडं बघत राहिली. वाटी रिकामी होती. "न्हाई," ती म्हणाली, "ह्येच सांग."

एक गोष्ट मात्र मला जमेना. छबीनं विचारलं होतं, "आक्का, तिकडं जायाचं कुठनं?" मी रस्ता सांगायला गेले. खरा रस्ता म्हणजे ट्रकमध्ये दाटीवाटीनं बसून दिवस आणि रात्र, घाट, धूळ, अनोळखी गावं, कुठंतरी उतरून चहा, पुन्हा ट्रक. सांगता सांगता तिचे डोळे पेंगायला लागले आणि तोंड मिटलं. घास माझ्या हातातच राहिला. म्हणून दुसऱ्या दिवशी मी रस्ताच काढून टाकला. हातातल्या भाकरीच्या तुकड्यानं समोरचा डोंगर दाखवला आणि म्हणाले, "हे काय, ह्या डोंगराच्या पल्याडच." पुढं मी पुस्तकं वाचायला लागले तेव्हा बघितलं, मोठे मोठे लिहिणारेसुद्धा तेच करतात. दुसऱ्या दिवशी तो शहरात पोचला, म्हणतात, आणि मधला सारा रस्ता गिळून टाकतात. वाचणारा काही तक्रार करत नाही. पण तो मोठा माणूस असतो. त्याला ठाऊक असतं की मध्ये रस्ता होता.

छबीला अंग धरायला लागलं. मायला झोप यायला लागली. आणि मग ती दुपार आली. तलावाच्या पायात खडक लागला होता, तो फोडायला सुरुंग लावायचे. सुरुंगाआधी एक माणूस पाळूवर चढून शिट्टी फुंकायचा, सगळे लांब पळायचे, मी पलटण घेऊन नाल्यात बसायची. त्या दिवशी शिट्टी झाली, पळापळ झाली, धडाका झाला, दगड पडायचे थांबले, आणि मी लेकरं बघितली तर छबी नव्हती. झोळीत नाही, झाडामागं नाही, कुठंच नाही.

माय कशी किंचाळली ते मी सांगू शकत नाही. सगळ्यांच्या मनात एकच, पोरगी खडकाजवळ राहिली. बापे तिकडं धावले. "अजून एक सुरुंग उडायचा हाय, थांबा रे!" म्हणून शिट्टीवाला ओरडतोय, दादा त्याला ढकलून खाली उतरतायत, बाया ऊर बडवतायत. आणि मी? मी त्या गोंधळात डोंगराकडं बघत होते. डोंगरात एक खिंड होती, शेळ्यांची वाट. मी मायचा पदर ओढला. "माय, ती तिकडं न्हाई. ती काकीकडं गेली."

"कुठं?"

"कारखान्यावर."

मायनं मला अशी थोबाडीत दिली की कान वाजला. "पोरगी दगडाखाली हाय आन तुला गोष्टी सुचत्यात!" माझं मलाच कळत नव्हतं की मला हे ठाऊक आहे की मी हेही रचतेय. पण पाय सुटले होते. मी खिंडीकडं पळाले.

खिंड चढून मी माथ्यावर आले, खाली बघितलं, आणि माझे डोळे फिरले. खाली हिरवा ऊस होता. दुष्काळात, जिथं गवताची काडी नव्हती तिथं, हिरव्या उसाचे ढीग. पाचटानं शाकारलेल्या छपऱ्यांच्या ओळी. बैल बसलेले, घंटा वाजतायत. लांबलचक हौदात पाणी चमकतंय. उसाचा तो गोड आंबूस वास वर माझ्यापर्यंत येत होता. शपथेवर सांगते, क्षणभर मला वाटलं मी सांगितलेली गोष्ट कुणीतरी इथं आणून मांडली आहे. मी खाली उतरले. गोदाकाकी दिसली तर काय करायचं, याची मला भीती वाटत होती!

ती जनावरांची छावणी होती. तालुक्याच्या सहकारी संघानं मांजरसुंब्याच्या फाट्याजवळ नुकतीच घातलेली. चाऱ्याला कारखान्यांकडचा ऊस ट्रकनं यायचा. आम्हाला डोंगराच्या अल्याड काही पत्ताच नव्हता. एका ढिगावर छबी बसली होती, हातात उसाचं कांडं, हनुवटीवर रस ओघळलेला. शेजारी धोतराचा काचा मारलेला एक म्हातारा, आपले दोन बैल घेऊन छावणीत राहिलेला.

"तुजी का ही?" म्हातारा म्हणाला. "मघाधरनं मला इचारती, माय कवा येती, माय कवा येती. मी म्हणलं बाई, हितं समद्या गाई हायेत, तुला कंची पायजे?"

छबीनं मला बघितलं आणि हसली. तिला वाटलं मीही आले. "आक्का, तू सांगितलं तसंच हाय गं! पाट लई बारका हाय फक्त. माय मोळी घिऊन यील आता. बस."

मी तिच्याजवळ बसले. काय करणार? तिला म्हणावं, ही ती जागा नव्हे, तर ती विचारणार, मग ती जागा कुठं? म्हणावं, तशी जागाच नाही, तर उद्यापासून तोंड मिटणार. आणि म्हणावं, हीच ती जागा, तर ती इथून हलणार नाही, मायची वाट बघत बैलांत राहील. एवढ्यात फाट्याकडून ट्रकचा हॉर्न वाजला. छबी टाळ्या पिटत म्हणाली, "भोंगा! मघाबी ह्योच वाजला, मला तिकडं ऐकू आला, म्हणून तर मी आले."

बोलला तो म्हातारा. त्याला आमचं काही ठाऊक नव्हतं, तो आपला बैलांच्या पाठीवरच्या माश्या हाकलत म्हणाला, "भोंगा कसला, मालट्रक हाय तो. भोंग्याला कारखाना लागतो, कारखान्याला चिमणी लागती. दिसती का तुला कुठं चिमणी?"

छबी ढिगावर उभी राहिली. तिनं चारी बाजूंना बघितलं. ढगाला टेकलेली चिमणी लपायची कुठं? ढगच नव्हते. उसाचं कांडं तिच्या हातातून खाली आलं. मग ती माझ्याकडं वळली. तिच्या तोंडावर माझ्याबद्दल राग नव्हता, स्वतःबद्दलच जराशी लाज होती.

"आक्का, ह्ये दुसरं गाव हाय. मी चुकले."

"व्हय," मी म्हटलं.

"मंग आपलं कुठं हाय?"

मी समोर हात केला. पाटोद्याच्या अंगाला डोंगरामागं डोंगर, निळे होत गेलेले. "त्येच्या पल्याड."

"किती डोंगर हायेत?"

"लई."

तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मंग मला न्हाई जमायचं. मायलाच यिऊ दे." आणि ढिगावरून खाली उतरली.

मी चिमणी गोष्टीत का घातली होती, हे मला आजही सांगता येत नाही. पोरांना उंच वस्तू आवडते म्हणून घातली असेल. बाकी सगळं, ऊस, पाट, कोप्या, बैल, कुठूनही कुठंही नेता आलं. तेवढी एक चिमणी जागची हलली नाही, आणि तिच्यामुळं पोरगी घरी आली. म्हणून मी आजसुद्धा लिहायला बसले की बघते, या गोष्टीत चिमणी कुठं आहे. त्या चष्मेवाल्या पोरीला हे सांगायला पाहिजे होतं. पण ती म्हणाली असती, "म्हणजे काय, आजी?" आणि मी पुन्हा तिच्या तोंडाकडं बघत राहिले असते.

म्हाताऱ्यानं आम्हाला खिंडीपर्यंत आणून सोडलं. पलीकडून दादा चढून येत होते, हातपाय खरचटलेले, दगड उपसून उपसून. त्यांनी छबीला खांद्यावर घेतलं आणि तिच्या पायांना धरून तसेच उभे राहिले. मायनं मला जवळ ओढून, जिथं मारलं होतं तो गाल नुसता चोळला. त्या दिवसापासून छबी गोष्ट न सांगताही जेवायला लागली. पण गोष्ट ऐकायची तिनं सोडली नाही. फक्त आता ती मधेच विचारायची, "मंग तिथनं पुढं?" आणि मला एकेक डोंगर सांगावा लागायचा.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि ट्रक परत आले. गोदाकाकी उतरली ती ओळखू येईना. काळी ठिक्कर, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. छबी एकदम गेली नाही, खांबाला धरून बघत राहिली, आणि मग गेली ती सुटेचना. रडणं सरल्यावर तिनं काकीच्या मांडीवरून विचारलं, "माय, तू पाटात पाय सोडून बसायचीस न? भोंगा वाजला की कावळे उडायचे न?"

काकीनं मायकडं बघितलं. मायनं माझ्याकडं.

"व्हय गं," काकी म्हणाली. "लई उडायचे."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकी आणि मी सुपात मिलो निसत बसलो होतो. छबी काकीच्या पाठीला टेकून झोपलेली. काकी खडे वेचता वेचता हळूच म्हणाली, "कौसे, ती गोष्ट मलाबी सांग की."

मला वाटलं चेष्टा करतेय. "काकी, तू तर तिथंच व्हतीस."

"व्हते खरी. पर मान खाली. ऊस तोडला, मोळी बांधली, पुन्यांदा ऊस. चिमणी किती उंच हाय ते मी बघितलंच न्हाई बघ." तिचे हात थांबले होते. "आन पोरगी मला रोज इचारतीया. काय सांगू तिला?"

मी सूप खाली ठेवलं. घसा साफ केला आणि सवयीनं डोंगराकडं हात केला. "ह्या डोंगराच्या पल्याड..."

"न्हाई," काकी म्हणाली. तिनं माझा हात धरून खाली आणला. "तसं नगं. ट्रक हलला तिथनं सांग. रस्ताभर मी मागंच बघत व्हते."

मग मी ट्रकपासून सुरुवात केली.